मोलेसरशास्त्री : शब्दांचे मोल जाणणारा माणूस

मराठी भाषेचा अभ्यास करू लागलेल्या विद्यार्थ्याला एक नाव ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि नवल असे की ते नाव मराठी माणसाचे नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे ते नाव. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी. पण लोक त्याची फौज विसरले, हुद्दा विसरले आणि त्याला शास्त्री म्हणू लागले. मोल्सवर्थ हा उच्चार आपल्या जिभेला जड, म्हणून त्याचे मोलेसर झाले आणि मोलेसरला शास्त्री जोडले गेले. गोऱ्या साहेबाला शास्त्री ही पदवी लोकांनी आपण होऊन द्यावी, ही साधी गोष्ट नव्हे. ती पदवी त्यांना मिळाली एका ग्रंथामुळे. तो ग्रंथ म्हणजे मराठी-इंग्रजी शब्दकोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली आणि दुसरी १८५७ साली. आज इतकी वर्षे लोटली तरी जुना मराठी शब्द अडला की जाणते लोक प्रथम मोल्सवर्थ उघडतात.

त्यांच्याविषयी मी का लिहावे, असे कोणी विचारील. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वर्षातले पाच-सहा महिने माझे आईवडील ऊसतोडीला जातात, उरलेले महिने घरच्या जमिनीत राबतात. माझी भाषा त्यांच्याकडून आलेली. कॉलेजात आल्यावर मला कळले, की माझ्या बोलण्यातले पुष्कळ शब्द इथे चालत नाहीत. काहींना हसतात, काहींचा अर्थच वेगळा घेतात. मग मनात प्रश्न उभा राहिला, की खरा शब्द कोणता? घरचा की पुस्तकातला? शब्द शुद्ध कशाने होतो आणि अशुद्ध कशाने ठरतो? या प्रश्नाचा माग काढत गेले आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या या साहेबाशी गाठ पडली.

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. वयाच्या सोळाव्या वर्षी ते कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आले. आपल्याकडे सोळाव्या वर्षी मुले दहावीचा निकाल पाहत असतात. त्या वयात हा मुलगा घरदार सोडून सात समुद्रांपलीकडे आला. त्या काळी आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हते. घरच्यांना धाडलेल्या पत्राचे उत्तर यायला महिनेच्या महिने जात. फौजेत राहून त्यांनी मराठी आणि हिंदुस्थानी या भाषा शिकून घेतल्या आणि ते दुभाष्याचे काम करू लागले. दुभाष्याला दोन्हीकडचे शब्द तोलावे लागतात. एक शब्द चुकीचा गेला तर निरपराध माणूस गुन्हेगार ठरू शकतो. शब्दांची नड त्यांना पहिल्यांदा जाणवली ती या कामात असावी, असे मला वाटते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपल्या नगर जिल्ह्याचा मुलूखही कंपनीच्या अमलाखाली गेला. त्या सुमारास मोल्सवर्थ सोलापूरला होते. सोलापूर म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागलेला मुलूख. कर्जत-जामखेडकडून निघाले की पलीकडे करमाळा लागतो. तिथे असताना त्यांनी मराठी शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे जो थोर ग्रंथ झाला त्याचे बी असे आपल्या शेजारच्या मातीत पडले.

तोपर्यंत मराठीचे कोश झालेच नव्हते असे नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८१० साली मराठीचा एक कोश छापला होता. मुंबईत व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ साली निघाला. पण हे कोश लहान होते, आणि नव्या राज्यकर्त्यांना आता मोठ्या मुलखाचा कारभार पाहायचा होता. सारा ठरवायचा, दिवाणी-फौजदारीचे निवाडे करायचे, अर्ज वाचायचे, तर लोक काय बोलतात ते नेमके कळायला हवे. म्हणून १८२५ च्या सुमारास मुंबई सरकारने हे काम मोल्सवर्थ यांच्यावर सोपवले. हे आपण विसरून चालणार नाही. कोश मराठी लोकांसाठी झाला नाही, मराठी लोकांवर राज्य करणाऱ्यांसाठी झाला. पण एखादी विहीर ज्याने खणली त्याच्यासाठीच ती राहते असे थोडेच आहे? पाणी लागले की सारा गाव भरतो.

या कामात त्यांना दोन जुळे भाऊ साथीला मिळाले, थॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी. यांतले थॉमस कँडी पुढे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. मराठी लिखाणात आपण जी विरामचिन्हे वापरतो ती रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच देतात. या तिघांच्या हाताखाली ब्राह्मण शास्त्र्यांची मंडळी होती. शास्त्र्यांनी शब्द गोळा करून आणायचे, मग एकेका शब्दावर सर्वांनी बसून खल करायचा, आणि त्याचा अर्थ, उपयोग व मूळ ठरवायचे, अशी कामाची रीत होती. शास्त्र्यांचे एक वेगळे काम म्हणजे मराठीतून मराठीत अर्थ देणारा कोश. तो १८२९ साली निघू लागला. त्यानंतर दोन वर्षांनी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश छापून झाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते.

चाळीस हजार हा आकडा लिहायला सोपा आहे. पण कोशाचे मोठेपण आकड्यात नसते. शब्द गोळा करणे हे निम्मे काम. एकासारखे एक दिसणारे दोन शब्द खरोखर एक आहेत की दोन, आणि दोन निराळे दिसणारे शब्द मुळात एकाच घरचे आहेत की काय, हे ठरवणे हे उरलेले निम्मे आणि जास्त अवघड काम. मोल्सवर्थ यांच्या कोशात शब्दापुढे कंसात त्याच्या मूळ भाषेची खूण असते. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी अशा निरनिराळ्या खुणा. माणसाच्या नावापुढे जसे गाव लिहावे तसे हे. शब्दाचे गाव कळले की त्याचे नातेगोते लागायला लागते.

माझ्याच भाषेतली उदाहरणे देते. आमच्याकडे आई कुठे गेली असे विचारले तर मी म्हणते, रानात गेली. आमच्या भागात रान म्हणजे शेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी हे बोलले तेव्हा शहरातल्या एका मैत्रिणीने खरोखरच काळजीने विचारले, की जंगलात एकटी का गेली? आता रान हा शब्द संस्कृत अरण्य या शब्दापासून आला आहे. म्हणजे मूळ अर्थ पाहिला तर मैत्रिणीचे बरोबर. पण झाडी तोडून, दगड वेचून, नांगर घालून माणसाने अरण्याचे शेत केले. जमीन बदलली, शब्द मात्र तोच राहिला. म्हणजे आमच्या बोलीतल्या रानात त्या कष्टांचा इतिहास साठवलेला आहे. आणि जंगल? त्याचे मूळ संस्कृतातल्या जांगल या शब्दात सापडते, आणि जांगल म्हणजे घनदाट झाडी नव्हे, तर कमी पाण्याचा, विरळ झाडांचा उघडा प्रदेश. त्या हिशेबाने पाथर्डीच्या माळाला जंगल म्हणावे लागेल! अरण्य, रान, जंगल हे तीन शब्द आपण एकाच अर्थाचे म्हणून पाठ करतो. त्यांतले पहिले दोन एकाच रक्ताचे, तिसरा दुसऱ्या कुळातला, आणि तिघांचे आजचे अर्थ निरनिराळ्या वाटांनी आलेले.

दुसरी जोडी शेत आणि क्षेत्र. सातबाराच्या उताऱ्यावर आमच्या जमिनीपुढे क्षेत्र असा रकाना आहे आणि त्यात हेक्टर-आर लिहिलेले असतात. वडील त्याच जमिनीला शेत म्हणतात. नेवासे हे तीर्थक्षेत्र, प्राध्यापक शैक्षणिक क्षेत्रातले, आणि आम्ही शेतातले. वास्तविक शेत हा शब्द क्षेत्र या शब्दापासूनच झिजून झाला आहे. एकच शब्द, तो पोथीत राहिला तेव्हा क्षेत्र राहिला, आणि औतामागे चालला तेव्हा शेत झाला. भात आणि भक्त यांचेही तसेच आहे. संस्कृतात भक्त या शब्दाचा एक अर्थ शिजवलेले अन्न असा होता. अकोले तालुक्यात पिकणारा भात त्या शब्दाचा वारस, आणि देवाचा भक्तही त्याच धातूपासून आलेला. त्या धातूचा मूळ अर्थ वाटून घेणे, वाट्याला येणे असा आहे.

याच्या उलट काही शब्द दिसायला जुळे आणि नात्याने परके असतात. काम म्हणजे कष्ट आणि काम म्हणजे इच्छा. पहिला काम कर्म या शब्दापासून आला. दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा. झाडाचे पान पर्ण या शब्दापासून, आणि धूम्रपानातले पान पिणे या अर्थाचे. आमच्याकडे सकाळी शिळी भाकर खातात. ती शिळी म्हणजे शीतल, थंड झालेली. कथेतली अहल्या शिळा झाली ती शिला, म्हणजे दगड. उच्चार एक, मुळे दोन. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, त्याला पैसाचा खांब म्हणतात. नवखा माणूस तिथे पैसा शोधतो. पण हा पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. ऐसपैस बसणे यात आपण रोज तो वापरतो. दुर्गा भागवत यांनी आपल्या पुस्तकाला पैस हे नाव दिले आणि त्या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा हा जुना शब्द पुन्हा अनेकांच्या ओठी आला.

आता पुन्हा मोल्सवर्थ यांच्या चरित्राकडे वळू. पहिला कोश झाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. लगेच इंग्रजी-मराठी कोशाचे काम हाती घेतले. पण सततच्या बैठ्या कामाने आणि इथल्या हवेने त्यांची प्रकृती ढासळली. १८३६ साली त्यांना मायदेशी परत जावे लागले. उरलेले काम थॉमस कँडी यांनी पुढे नेले आणि तो कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला.

मोल्सवर्थ यांच्या मनात याच काळात मोठी उलथापालथ झाली होती. ते वृत्तीने अत्यंत धार्मिक होते. ख्रिस्ती धर्माची शिकवण आणि हातात तलवार या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असे त्यांना वाटू लागले, आणि त्यांनी लष्करी पेशा सोडून दिला. साम्राज्य वाढत होते आणि फौजेतल्या माणसाला मान होता, अशा वेळी हे पाऊल त्यांनी उचलले. त्यांच्या धर्ममताशी आपण सहमत असू वा नसू, पण पटले नाही ते सोडून द्यायचे, हा करारी स्वभाव त्यांच्या कोशातही दिसतो. शब्दाचा अर्थ साधारण असा काहीतरी आहे, एवढ्यावर ते थांबत नाहीत. एका शब्दाला चार अर्थ असतील तर चार आकडे घालून चार अर्थ देतात. शब्द कोकणातला असेल तर तसे नोंदवतात. वाक्प्रचार आणि म्हणी देतात. शेती, स्वयंपाक, व्यापार, पूजाअर्चा, शिव्याशाप, लहान मुलांचे बोल, काहीही त्यांना हलके वाटले नाही.

१८५१ साली सरकारच्या बोलावण्यावरून ते पुन्हा आले. आता वय छप्पनच्या घरात होते. पहिल्या आवृत्तीनंतरची वीस वर्षे मराठी भाषेला फार बदलणारी होती. वर्तमानपत्रे निघाली होती, शाळा निघाल्या होत्या, पाठ्यपुस्तके तयार होत होती, नव्या विषयांसाठी संस्कृतातून शब्द घेतले जात होते. थॉमस कँडी यांच्या मदतीने त्यांनी कोश पुन्हा मुळापासून तपासला आणि १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली. शब्दांची संख्या साठ हजारांवर गेली, पाने नऊशेंच्या वर झाली. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनी मराठी भाषेची घडण आणि प्रसार यांविषयी त्यास विस्तृत टिपण जोडले. ज्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला होता, त्याच वर्षी एक निवृत्त सैनिक मराठी शब्दांची शेवटची मुद्रिते तपासत बसला होता, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. त्यानंतर ते इंग्लंडला परतले आणि १३ जुलै १८७१ रोजी क्लिफ्टन येथे त्यांनी देह ठेवला.

मोलेसर या नावात मोल आहे हा निव्वळ योगायोग. पण मोल हा शब्द मला फार काही सांगतो. मोल संस्कृत मूल्य या शब्दापासून आले. मूल्य आणि किंमत हे आपण एकाच अर्थाने वापरतो, पण किंमत अरबीतून फारसीच्या वाटेने आलेली. आता वापर पाहा. मूल्य म्हटले की जीवनमूल्ये, नैतिक मूल्ये आठवतात. किंमत म्हटले की बाजार आठवतो. आणि मोल? मोलमजुरी, मोलकरीण. मूल्य या थोर शब्दाचे घरंदाज रूप व्यासपीठावर बसले, आणि त्याचेच झिजलेले रूप दुसऱ्याच्या दारी भांडी घासायला गेले.

श्रमाच्या मोबदल्याला आपल्या भाषेत किती नावे आहेत ती मोजून पाहावीत. शेतमजुराला मिळतो तो रोज. हा फारसी शब्द, मूळ अर्थ दिवस. म्हणजे ज्या दिवशी काम त्या दिवशी दाम, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे. मजुरी आणि मजूर हेही फारसीतले. कारखान्यातल्या कामगाराला, शिपायाला मिळतो तो पगार; हा पोर्तुगीजांनी आणलेला, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ देणे, चुकते करणे. प्राध्यापकांना मिळते ते वेतन, हा शुद्ध संस्कृत शब्द. आणि अंगणवाडीच्या ताईंना मिळते ते मानधन. मान आणि धन हे दोन शब्द जोडून केलेला हा शब्द दिसायला सर्वांत गोंडस आहे, पण त्यांतले धन किती ते त्या ताईंनाच ठाऊक. घामाचा मोबदला एकच असताना शब्द मात्र माणसाची पायरी पाहून बदलतात. कोश नुसता अर्थ सांगत नाही, तो समाजाची उतरंडही दाखवतो, ती अशी.

पैशाच्या देवघेवीतही हेच. ऋण संस्कृत, कर्ज अरबी. आईचे ऋण असते, सोसायटीचे कर्ज असते. उलटे कोणी म्हणत नाही. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणले तर ते उसने. त्याला व्याज नाही. जसे आणले तसे परत करायचे. आणि ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतात ती उचल. उचल पैशाने नव्हे, अंगमेहनतीने फेडायची. हंगाम संपला आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा कोयता उचलायचा. मुकादम हा शब्दही पाहण्यासारखा. मूळ अरबीत त्याचा अर्थ पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला माणूस. पूर्वी गावच्या पाटलालाही मुकादम म्हणत. आज आमच्याकडे मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा. आणि कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवराबायको मिळून कामाचा एक हिशेब. टोळीत किती कोयते आहेत असे विचारतात तेव्हा जोडपी मोजायची असतात, हत्यारे नव्हेत. माझे आईवडील मिळून एक कोयता आहेत.

कोयत्याचा हा अर्थ मोल्सवर्थ यांच्या काळी असणेच शक्य नव्हते. आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, पुढे कारखाने वाढत गेले, आणि त्यांच्याबरोबर ऊसतोडीची ही भाषा घडली. भाषा थांबत नाही. कोश मात्र छापला त्या दिवशी थांबतो. हा कोणत्याही कोशकाराचा दोष नव्हे.

मर्यादा मात्र होत्या, आणि आदरापोटी त्या झाकून ठेवणे बरे नव्हे. मोल्सवर्थ यांचे साहाय्यक ब्राह्मण शास्त्री होते. शेतकऱ्याचे, कुणब्याचे, सुताराचे, गुराख्याचे शब्द कोशात आले खरे, पण ते शास्त्र्यांच्या कानावाटे आले. जे त्यांच्या कानावर पडले नाही ते राहून गेले. बायकांची जात्यावरची, चुलीपुढची भाषा, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांची भाषा किती आली असेल, हा प्रश्न मनात येतो. ज्यांची भाषा, त्यांनाच लिहिता येत नव्हते. आज आम्हाला लिहिता येते.

ग्राम या एका शब्दाच्या लेकरांकडे पाहिले तरी हा प्रश्न किती खोल आहे ते कळते. ग्राम या शब्दापासून गाव झाले. ग्रामीण म्हटले तर मानाचे. ग्रामीण साहित्य, ग्रामीण विकास. पण साहित्यशास्त्रात ग्राम्य म्हटले की तो दोष ठरतो. गावरान तूप, गावरान कोंबडी म्हटले की शहरात चार पैसे जास्त मिळतात, आणि गावंढळ म्हटले की माणूस खाली मान घालतो. वस्तू गावची असेल तर कौतुक आणि माणूस गावचा असेल तर हेटाळणी, हा न्याय शब्दांनी केलेला नाही, तो वापरणाऱ्यांनी केला आहे. मूळ शब्दात कमीपणाचा लवलेश नाही.

आमच्या भागात पाण्याला पानी म्हणतात. ण आणि न यांवरून माणसाची परीक्षा होते. पण संस्कृत शब्द पानीय असा आहे, त्यात न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला, प्रमाण मराठीने तो ण ठेवला, आणि आमच्या बोलीत पुन्हा न आला. मुळाकडे बोट दाखवून शुद्ध-अशुद्ध ठरवायचे म्हटले तर पानी म्हणणाऱ्यांनीच पुढे बसावे लागेल! अर्थात मी परीक्षेत पाणीच लिहिणार. सर्वांनी मिळून वापरायची म्हणून एक प्रमाणभाषा लागते आणि ती नीट शिकली पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण प्रमाण म्हणजे सोयीसाठी ठरवलेले माप. ते माप म्हणजे काही कुळाचा दाखला नव्हे. बोलीतला शब्द अशुद्ध नसतो, तो फक्त वेगळ्या वाटेने आलेला असतो. हे मला व्युत्पत्तीने शिकवले, आणि तेव्हापासून वर्गात उभी राहून बोलताना माझा आवाज पूर्वीसारखा बसत नाही.

मोल्सवर्थ यांच्या कामावर पुढच्यांनी इमले चढवले. बाबा पदमनजी यांनी १८६३ साली त्यांच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग प्रसिद्ध केले. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६ साली आला. मोल्सवर्थ यांचा मूळ कोश पुण्यात १९७५ साली पुन्हा जसाच्या तसा छापला गेला. आता तर शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर आणला आहे. पाथर्डीच्या माळावर म्हशीमागे उभे राहून मोबाइलवर तो कोणालाही फुकट पाहता येतो. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी झालेला ग्रंथ असा अखेर गुराख्याच्या हातात आला.

आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातली भातशेतीची भाषा, प्रवरेकाठची बागाईत भाषा आणि पाथर्डी-जामखेडची जिराईत भाषा एक नाही. जिराईत हा शब्दही असाच. अरबीत त्याचा अर्थ नुसती शेती. आपल्याकडे येऊन तो पावसावरच्या शेतीपुरता उरला. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणे, दुष्काळ म्हणजे वाईट काळ. आणि सरकारी कागदावर टंचाई. या तिन्हींतला फरक आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारावा. पाऊस पडला नाही तरी गाव एकमेकांना धरून राहिला तर दुष्काळ पडला असे ते म्हणत नाहीत.

अशा शब्दांची माहिती असलेली पिढी आता थकली आहे. मोटेचे, पाभरीचे, जात्याचे शब्द त्यांच्याबरोबर जातील. मोल्सवर्थ परक्या देशातून येऊन, परकी भाषा शिकून, प्रकृती खर्ची घालून आपले शब्द टिपत राहिले. आपल्याला तर समुद्र ओलांडायचा नाही, केवळ सुट्टीत घरी जायचे आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने या दिवाळीच्या सुट्टीत एक वही करावी आणि आजी-आजोबांच्या तोंडचे शंभर शब्द अर्थासह लिहून आणावेत. माझे आईवडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात, म्हणून मी त्याआधीच सुरुवात केली आहे. वहीत पहिला शब्द लिहिला आहे कोयता. त्याचे दोन अर्थ, आकडे घालून.